यंत्राची चाचणी होते, वाचणाऱ्याची का नाही?

2025 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जाहीर झालं, की तीन वर्षांत देशातल्या प्रत्येक जिल्हा रुग्णालयात कर्करोगाचं डे-केअर केंद्र उभं राहील. तेलंगणातल्या आदिलाबादच्या माणसाला या घोषणेचं मोल वेगळं सांगायला नको. इथून हैदराबादचं एम.एन.जे. कॅन्सर रुग्णालय तीनशे किलोमीटर, नागपूर दोनशे. केमोच्या एकेका सलाईनसाठी हे अंतर कापणाऱ्या बाईचे आणि तिच्या घरच्यांचे हाल पैनगंगेच्या दोन्ही काठांवरच्या गावांनी पाहिले आहेत. केंद्रं व्हावीत, लवकर व्हावीत.

पण स्तनाच्या कर्करोगाचा विषय निघाला, की आमच्याकडे चर्चा ठरलेल्या रस्त्यानं जाते. मॅमोग्राफीचं मशीन कधी येणार, फिरती गाडी कधी येणार, आणि अलीकडे, एआय कधी येणार. त्या मशीनमधून निघालेली फिल्म वाचणार कोण, आणि त्याला ती वाचता येते हे कुणी तपासलं, हा प्रश्न कुणी काढला तर उत्तर तयार असतं: वाचणारे एम.डी. आहेत, विद्यापीठाची परीक्षा देऊन आले आहेत, त्यांची आणखी परीक्षा कसली घेता? हे उत्तर ऐकायला रास्त वाटतं, पण ते चुकीचं आहे आणि त्याची किंमत बायका मोजतात. म्हणून त्याचा मुळापासून प्रतिवाद करायला हवा.

आधी पदवीचं बघू. 1994 मध्ये अमेरिकेत जोआन एल्मोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा रेडिओलॉजिस्टना त्याच 150 बायकांच्या मॅमोग्राम फिल्म वाचायला दिल्या. दहाही जण रीतसर शिकलेले आणि रोज हेच काम करणारे. ज्या बायकांना कर्करोग होता त्यांना लगेच पुढच्या तपासणीला पाठवा असं म्हणण्याचं प्रमाण एका डॉक्टरकडे 74 टक्के होतं, तर दुसऱ्याकडे 96. ज्यांना कर्करोग नव्हता त्यांच्या बाबतीत हेच प्रमाण 11 टक्क्यांपासून 65 टक्क्यांपर्यंत पसरलेलं निघालं. फिल्म त्याच, पदव्या सारख्याच. एका टेबलावरून शंभरातल्या 26 आजारी बायका लगेच पुढं गेल्या नसत्या, आणि दुसऱ्या टेबलावरून शंभरातल्या 65 निरोगी बायका धास्ती घेऊन घरी गेल्या असत्या. पदवी हा फरक दाखवत नाही, कारण ती तो मोजतच नाही. आपल्याकडे एम.डी. रेडिओलॉजीची तीन वर्षं असतात आणि त्यात सोनोग्राफी, सीटी, एमआरआय, साधा एक्स-रे, सगळं शिकायचं असतं. मॅमोग्राफी त्यातला एक कोपरा. जिथं मॅमोग्राफीचं काम मोठं नाही अशा कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या डॉक्टरनं तीन वर्षांत किती फिल्म पाहिल्या असतील, याचा अंदाज कुणीही करावा. यात त्या डॉक्टरचा दोष नाही.

हे वाचन इतकं अवघड का, हे टेबलाशी बसल्याशिवाय कळत नाही. एका बाईच्या चार फिल्म असतात: दोन्ही बाजूंची वरून घेतलेली एकेक आणि तिरकी घेतलेली एकेक. उजवी-डावी शेजारी लावून बघतात, म्हणजे एका बाजूला जे आहे ते दुसऱ्या बाजूला नसेल तर नजर अडखळते. वाचणाऱ्यानं पहिला निर्णय रोगाचा घ्यायचा नसतो, फिल्मचा घ्यायचा असतो. तिरक्या फिल्ममध्ये छातीचा स्नायू स्तनाग्राच्या पातळीपर्यंत खाली आलेला दिसत नसेल, तर मागचा आणि काखेकडचा भाग फिल्मवर नीट आलेलाच नाही. अशी फिल्म ‘नॉर्मल’ म्हणून सही करणारा डॉक्टर न पाहिलेल्या भागाची हमी देत असतो. मग आतलं. चरबी फिल्मवर काळी दिसते, दाट ऊती पांढऱ्या दिसतात, आणि गाठही पांढरीच दिसते. चाळिशीतल्या बाईच्या ऊती बहुधा दाट असतात. आपल्याकडे हा रोग पाश्चात्त्य बायकांपेक्षा साधारण दहा वर्षं आधी, पन्नाशीच्या आसपास गाठतो, त्यामुळे पांढऱ्यावर पांढरं शोधण्याचं काम आपल्याकडे अधिक. कधी अर्ध्या मिलिमीटरहून लहान कॅल्शियमचे ठिपके एका जागी जमलेले असतात. ते गोल आणि सारखे आहेत की तुटक, वेडेवाकडे आहेत, यावर पुढचं सगळं ठरतं. आणि सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे जिथं गाठ दिसतच नाही, फक्त ऊतींच्या रेषा एका बिंदूकडे ओढल्यासारख्या दिसतात. ती खूण पुस्तकात वाचून डोळ्याला दिसू लागत नाही. ती शंभर वेळा पाहावी लागते, त्यात चाळीस वेळा चुकावं लागतं, आणि चुकलो हे दर वेळी कुणीतरी तिथल्या तिथं सांगावं लागतं.

आदिलाबादसारख्या जिल्ह्याची अडचण नेमकी इथं आहे. स्क्रीनिंगमध्ये येणाऱ्या बायका धडधाकट असतात. ब्रिटनसारख्या देशातसुद्धा हजार बायकांमागे आठ-नऊ जणींनाच कर्करोग सापडतो. जिल्ह्याच्या गावी वर्षाला पाचशे बायकांच्या फिल्म वाचणाऱ्या डॉक्टरसमोर वर्षभरात चार-पाचच खरे कर्करोग येणार. त्यातला एक सुटला तर त्याला ते कळणार कसं? बेल्याची किंवा जैनथची बाई वर्षभरानं गाठ हाताला लागल्यावर त्याच डॉक्टरकडे परत येत नाही. ती यवतमाळला जाते, सेवाग्रामला जाते, नागपूरला जाते. राज्य बदलतं, केसपेपर बदलतो. पहिली फिल्म घरच्या पेटीत कपड्यांखाली राहते. ती वाचणाऱ्याला आपण काय सोडलं हे कधीच कळत नाही, आणि दहा वर्षं त्याच चुकीवर तो मनापासून, प्रामाणिकपणे काम करत राहतो. बार्शीला 1987 पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी आहे, गावोगावी जाऊन रुग्ण नोंदले जातात. तशी नोंद असेल तर सुटलेली केस निदान नंतर तरी शोधता येते.

दुर्मीळ गोष्ट शोधताना माणसाची नजर कशी वागते, याचाही अभ्यास झाला आहे. बोस्टनच्या संशोधकांनी 2013 मध्ये दाखवून दिलं, की कर्करोगाच्या फिल्म रोजच्या कामात अधूनमधून मिसळून दिल्या तेव्हा त्यातल्या सुमारे 30 टक्के सुटल्या. त्याच फिल्म निम्म्या आजारी, निम्म्या निरोगी अशा गठ्ठ्यात दिल्या तेव्हा सुमारे 12 टक्केच सुटल्या. क्वचित दिसणारी गोष्ट अनुभवी डोळ्यातूनही निसटते. ज्या डॉक्टरला ती वर्षातून चारदाच दिसते, त्याच्या डोळ्याला सरावाची गरज मुंबईच्या डॉक्टरपेक्षा जास्त आहे. ‘लहान जिल्ह्याला एवढं कशाला’ हा युक्तिवाद इथं उलटा होतो: केसेस कमी, म्हणूनच चाचणी हवी.

ही चाचणी काय असते? ब्रिटननं 1988 मध्ये राष्ट्रीय स्तन-स्क्रीनिंग सुरू केलं आणि त्याच काळात वाचणाऱ्यांसाठी ‘परफॉर्म्स’ नावाची योजना उभी राहिली. निवडक अवघड केसेसचा संच येतो, साधारण साठ केसेसचा, वर्षातून दोनदा. प्रत्येक केसचं उत्तर बायॉप्सीनं किंवा पुढच्या वर्षांच्या तपासणीनं पक्कं झालेलं असतं. वाचणारा आपलं मत देतो, संशयाची जागा फिल्मवर दाखवतो आणि लगेच खरं काय ते बघतो. देशातल्या इतरांच्या तुलनेत आपण कुठं उभे आहोत तेही त्याला कळतं, पण नावानं नाही, सांकेतिक क्रमांकानं. जो वारंवार मागे पडतो त्याला मदत मिळते. ऑस्ट्रेलियात सिडनी विद्यापीठातून ‘ब्रेस्ट’ नावाचा असाच उपक्रम निघाला. ब्रिटनमध्ये याखेरीज वर्षाला किमान पाच हजार केसेस वाचण्याची अट आहे आणि प्रत्येक फिल्म दोघं वाचतात. अमेरिकेनं 1992 मध्ये कायदा केला, त्यात दोन वर्षांत किमान 960 मॅमोग्राम वाचण्याची अट घातली. मात्र वाचलेलं बरोबर की चूक याची तशी सक्तीची परीक्षा ठेवली नाही, आणि मला ती त्या कायद्याची मोठी उणीव वाटते. पाच हजारांची अट आदिलाबादला कधीच झेपणार नाही. साठ केसेसचा संच झेपतो. त्याला एक चांगला मॉनिटर, शांत खोली आणि दोन दुपारी लागतात.

एक आक्षेप खरोखर वजनदार आहे. तो असा, की मॅमोग्राफीचं स्क्रीनिंग भारतासाठी नाहीच. आपल्याकडे हातानं केलेली तपासणी पुरेशी आहे, हे मुंबईनं सिद्ध केलं. मग फिल्म वाचणाऱ्यांवर खर्च कशाला?

मुंबईच्या त्या कामाबद्दल मला आदर आहे आणि मराठी वाचकांना ते आहे त्याहून जास्त माहीत असायला हवं. टाटा स्मारक रुग्णालयानं 1998 मध्ये डॉ. इंद्रनील मित्रा यांच्या पुढाकारानं मुंबईच्या वस्त्यांमधल्या 35 ते 64 वयाच्या दीड लाखांहून अधिक बायकांचा अभ्यास सुरू केला. निम्म्या बायकांची तपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हातानं केली. वीस वर्षांनी, 2021 मध्ये निष्कर्ष आला. रोग लवकरच्या टप्प्यावर सापडू लागला. पन्नाशी ओलांडलेल्या बायकांमध्ये मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या बायकांमध्ये मात्र तसा फायदा दिसला नाही. देशाच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचनाही याच वाटेनं जातात: तीस वर्षांवरच्या बाईची दर पाच वर्षांनी हातानं तपासणी, आणि शंका आली तर पुढं सोनोग्राफी-मॅमोग्राफी.

तो ‘पुढं’ कुठं जातो ते बघा. उटनूरच्या उपकेंद्रातली एएनएम गाठ ओळखते, चिठ्ठी देते, बाई आदिलाबादला येते आणि तिचा प्रवास अखेर फिल्मपाशीच थांबतो. तिथं बसलेल्या माणसानं ‘काही नाही’ लिहिलं, की एएनएमची सगळी मेहनत वाया. गाठ हाताला लागत असताना फिल्म स्वच्छ दिसणं ही दाट ऊतींमध्ये अगदी घडणारी गोष्ट आहे, आणि अशा वेळी स्वच्छ फिल्मवर थांबायचं नाही, सोनोग्राफी करायची, गरज पडली तर सुईनं तुकडा घ्यायचा, हे वाचणाऱ्याच्या हाडीमाशी भिनलेलं असावं लागतं. म्हणजे हातानं तपासणी हा मार्ग स्वीकारला तरी वाचणाऱ्याच्या शिक्षणातून सुटका नाही. उलट त्याच्याकडे येणारी प्रत्येक बाई आधीच संशयित असते, त्यामुळे त्याची चूक अधिक महाग पडते.

आणि मुंबईचा प्रयोग यशस्वी का झाला? त्या सेविकांना पद्धतशीर शिकवलं होतं आणि त्यांच्या कामावर लक्ष ठेवलं होतं, म्हणून. मुंबईतल्या वस्त्यांमध्ये सेविकांनी जे शिक्षण आणि जी देखरेख स्वीकारली, ती एम.डी. झालेल्या डॉक्टरला जड का व्हावी?

एआयचा मुद्दा लवकर आटोपतो. एआयमुळे वाचकांचं काम हलकं होऊ शकतं. स्वीडनमध्ये ऐंशी हजार बायकांच्या ‘मसाई’ अभ्यासात एआयच्या मदतीनं वाचनाचा भार 44 टक्क्यांनी घटला आणि कर्करोग सापडण्याचं प्रमाण घटलं नाही. पण त्या अभ्यासातले वाचणारे मुरलेले होते आणि अंतिम निर्णय त्यांचाच होता. कच्चा वाचणारा मशीननं दाखवलेल्या खुणेवर मान डोलावतो, किंवा मशीन गप्प असलं की निर्धास्त होतो. शिवाय एआय चांगलं की वाईट हे ठरवलं कशानं? 2023 मध्ये ‘परफॉर्म्स’च्याच 120 केसेस एका एआयला दिल्या आणि 552 माणसांच्या निकालाशी तुलना केली. मशीननं 91 टक्के कर्करोग ओळखले, माणसांनी सरासरी 90. माणसांसाठी तयार केलेली परीक्षा होती म्हणून मशीनची लायकी कळली. आदिलाबादच्या बायकांच्या फिल्मवर उद्या कुठली कंपनी आपलं एआय विकायला आली, तर तिला कुठल्या संचावर तपासणार? संच आधी बनवावा लागेल.

दूरवरून, हैदराबादमधून रिपोर्टिंग करून घ्या, असंही सांगतात. घ्यावं, माझी हरकत नाही. पण हैदराबादच्या टेबलावरचा माणूसही न तपासलेलाच असेल तर आपण चूक तीनशे किलोमीटर लांब नेली, एवढंच.

आता मानापमानाचं. डॉक्टरची पुन्हा परीक्षा घेणं हा त्याचा अपमान आहे, असं बोललं जातं, आणि त्यात दुखावलेपण खरं असतं, ते मी हलक्यानं घेत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी काम करणारा डॉक्टर आधीच अपुरी माणसं, रोजची गर्दी आणि नातेवाइकांचा राग झेलत असतो. पण ही कल्पना परकी नाही. गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखालच्या 2014 च्या नियमांनी एमबीबीएस डॉक्टरला सोनोग्राफी करायची तर सहा महिन्यांचं प्रशिक्षण आणि क्षमता-चाचणी घातली. पदवी आहे, तरीही प्रतिमा वाचण्याची वेगळी परीक्षा हवी, हे तत्त्व या देशाच्या नियमांत आलेलं आहे. मशीनचं बघा. मॅमोग्राफीचं यंत्र लावायचं तर अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो आणि दर दोन वर्षांनी गुणवत्ता चाचणी करावी लागते. प्रतिमेची चाचणी घेताना एक ठोकळा ठेवतात, त्यात बारीक तंतू, ठिपके आणि गाठीसारखे आकार मुद्दाम बसवलेले असतात. ते फिल्मवर उमटतात का हे बघतात. म्हणजे यंत्राला खोटा कर्करोग दाखवून ते तो पकडतं का हे आपण नियमानं तपासतो. यंत्रानं पकडलेला कर्करोग माणसाला दिसतो का, हे मात्र कुणी विचारत नाही.

परीक्षा म्हटली की लोकांच्या मनात सुटलेल्या केसेस येतात. निरोगी बाईला उगाच बोलावण्याचं नुकसान तितकंच मोजायला हवं. मॅमोग्रामच्या रिपोर्टमध्ये वापरतात त्या ‘बायरॅड्स’ वर्गवारीतला तिसरा वर्ग घ्या. ‘बहुधा निरुपद्रवी, सहा महिन्यांनी पुन्हा बघू’ असा त्याचा अर्थ, आणि कर्करोगाची शक्यता दोन टक्क्यांपलीकडे नाही, तेव्हाच तो लिहायचा. स्क्रीनिंगच्या फिल्मवर थेट लिहायचाच नाही, आधी जास्तीच्या फिल्म, सोनोग्राफी करून मग लिहायचा. पण ज्याला खात्री नसते त्याला हा वर्ग फार सोयीचा वाटतो. नारनूरच्या किंवा गादीगुड्याच्या बाईला ‘सहा महिन्यांनी या’ म्हणजे काय? कापूस वेचणीच्या दिवसांत मजुरी बुडवायची, बसभाडं काढायचं, सोबतीला माणूस शोधायचा, आणि तोवर सहा महिने रात्री गाठ चाचपत झोपायचं. गोंडी किंवा कोलामी बोलणाऱ्या घरात तो इंग्रजी रिपोर्ट वाचून दाखवायलाही कुणी नसतं. एकदा अशी उगाच फेरी झाली की पुढच्या शिबिराला ती येत नाही, तिच्या शेजारणीही येत नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या बायकांपैकी शंभरात एकीचीही स्तनाची तपासणी झालेली नव्हती. जी एक येते तिला आपण असं परत पाठवू शकत नाही.

चाचणीवर अभ्यासू लोकांचा एक आक्षेप असतो, तो मी मान्य करतो: परीक्षेला बसलेला डोळा सावध असतो, रोजच्या कामातला तसा नसतो. म्हणून गुण म्हणजे सगळं नव्हे. चाचणीबरोबर रोजच्या कामाचा हिशेब हवा: किती बायकांना परत बोलावलं, त्यातल्या कितींना रोग निघाला, निरोगी ठरवलेल्या कितीजणी दोन वर्षांत रोग घेऊन आल्या. शेवटचा आकडा मिळवायला यवतमाळ-नागपूर-वर्ध्याच्या रुग्णालयांशी पत्रव्यवहार लागेल. दोन राज्यांच्या आरोग्य खात्यांनी ठरवलं तर ते कठीण नाही. हाच हिशेब ठेवायचा नसेल तर मग कुठलीही गाडी, कुठलंही मशीन आणू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

डॉक्टर पुरेसे नाहीत, आहेत त्यांच्यावर आणखी ओझं कशाला, हे शेवटचं. ब्रिटनमध्येही रेडिओलॉजिस्ट कमी पडले. तिथं रेडिओग्राफर, म्हणजे फिल्म काढणारे तंत्रज्ञ, शिकवून आणि तपासून वाचनाच्या कामावर घेतले गेले आणि आज ते डॉक्टरांच्या बरोबरीनं वाचतात. आपल्याकडे लगेच तसं करा असं मी म्हणत नाही. पण वाचण्याची क्षमता पदवीवरून नव्हे, कामावरून ठरवली तर माणसं वाढतात, हे त्यावरून दिसतं. आपल्याकडेही परिस्थिती पूर्वीची राहिलेली नाही. 2008 मध्ये आदिलाबादला रिम्स सुरू झालं तेव्हा अख्ख्या जुन्या जिल्ह्यात ते एकटं सरकारी मेडिकल कॉलेज होतं. 2016 मध्ये जिल्ह्याचे चार जिल्हे झाले, 2022 मध्ये मंचेरियालला आणि 2023 मध्ये निर्मल आणि आसिफाबादला सरकारी कॉलेजं आली. चार कॉलेजांनी मिळून एक संच वापरला तर खर्च चौथाई होतो आणि तुलनेला माणसंही मिळतात.

संच परदेशातून विकत आणून भागणार नाही. तिथल्या केसेस साठीच्या बायकांच्या, बहुतेक चरबीयुक्त स्तनांच्या. आपल्याला चाळिशीतल्या दाट ऊती हव्यात, नीट न घेतलेल्या तिरक्या फिल्म हव्यात, सोबत सोनोग्राफी हवी. टाटा, एम.एन.जे., सेवाग्राम, नागपूर यांच्याकडे बायॉप्सीनं पक्क्या झालेल्या केसेस आहेत. नावं काढून टाकून त्यातून साठ निवडायच्या: वीस रोगाच्या, चाळीस निरोगी, आणि निरोगी त्याच ज्या पुढच्या तपासणीतही निरोगी राहिल्या. पहिल्या दोन फेऱ्यांचे गुण फक्त त्या डॉक्टरला कळावेत. तिसऱ्या फेरीपासून जो ठरलेल्या रेषेखाली राहील त्याच्या फिल्म दुसऱ्यानंही वाचाव्यात, तो वर येईपर्यंत. नोकरीवर, बढतीवर याचा परिणाम होऊ नये, हे लेखी द्यावं, नाहीतर कुणी मनापासून चुका दाखवणार नाही.

यावरही कुणी म्हणेल, की रुग्णांना कळलं तर डॉक्टरवरचा विश्वास उडेल. ज्या बाईला तीनशे किलोमीटर जायचं की नाही हे एका कागदावरून ठरवायचं आहे, तिला तो कागद कुणी लिहिला आणि त्याची नजर कधी तपासली गेली, हे जाणून घेण्याचा हक्क आहे. रिपोर्टच्या तळाशी डॉक्टरच्या पदव्या छापतात. गुण छापू नका, पण वाचनाची शेवटची चाचणी कुठल्या वर्षी दिली ते त्या पदव्यांशेजारी छापा. चार कॉलेजांच्या रेडिओलॉजी विभागप्रमुखांनी मनावर घेतलं तर याला वरून आदेश येण्याचीही वाट बघावी लागणार नाही.